देवला दोन सेकंदांत आला

आखाडा बाळापुरात लग्नाचा व्हिडिओ करावा तर अफसानानेच, हे सगळ्यांना मान्य होतं, आणि अफसानाला सगळ्यांत जास्त. तिच्या व्हिडिओत काहीच जागेवर थांबत नसे. नवरानवरी गुलाबातून उगवत, हार आभाळातून येत, आणि घरातलं कुणी वारलेलं असलं तर तेही फोटोच्या रूपाने ढगातून उतरून आशीर्वाद देऊन जाई. या शेवटच्या करामतीला गिऱ्हाईक हमखास रडे, आणि ते रडलं की अफसाना मनातल्या मनात खूश होई.

म्हणून तांड्यावरच्या पारुबाईने लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ बघताना तोंड वाकडं केलं, तेव्हा अफसाना दुखावलीच.

"हे कोण आलं?" पारुबाईने विचारलं.

"तुमचे मालक, मावशी. तुमीच दिला ना फोटो, मतदार कार्डावरचा."

"फोटो त्याचाच हाय. पण आला तो दुसराच कोणीतरी. रुपाचा बाप उभ्या जन्मात एवढ्या घाईनं कुठं गेला न्हाई."

रुपाचा बाप देवला व्हिडिओत दोन सेकंदांत मांडवात पोचला होता. अफसानाला त्यात काही वावगं दिसेना.

"रुपा दोन वर्षांची होती, तो गेला तवा," पारुबाई म्हणाली. "तिनं बापाचा नुसता फोटो बघितला. एक डाव तरी बाप कसा होता ते दिसू दे तिला. तू असा पळवशील तर लेकरू म्हणंल, असाच होता."

अफसानाला थोडी लाज वाटली. तिने माऊस हातात घेतला.

पडद्याखालच्या पट्टीवर पत्त्यांतल्या चौकटसारख्या दोन बारीक खुणा होत्या. त्यांना कीफ्रेम म्हणतात. पहिल्या खुणेला फोटो ढगात, दुसरीला मांडवात. मधली वाट कॉम्प्युटर आपली आपण कापतो. खुणा जवळ असल्या की फोटो धावतो, लांब नेल्या की रमतगमत येतो. अफसानाने दुसरी खूण ओढून पार पुढे नेली.

"आता कसं?"

"आता चालून राहिला. पण मागं काय पेटलंय?"

"ते तेज हाय, मावशी."

"इझव."

तेज शून्यावर आलं. मग मानेची पाळी आली. देवलाची मान म्हणे डावीकडे कललेली असायची. अफसानाने फोटो दहा अंशांनी कलवला.

"पिलेला दिसून राहिला," पारुबाई म्हणाली. "एवढा बी पीत न्हवता."

सहावर जमलं. मग मांडवाच्या कडेला आचाऱ्याची बुंदीची कढई दिसली आणि पारुबाईने पडद्यावर बोट ठेवलं. "हितं थांबंल तो."

"किती वेळ?"

"खरं इचारशील तर अर्धा घंटा."

घासाघीस होऊन नऊ सेकंदांवर तडजोड झाली. तोवर मंगलाष्टकं संपून अक्षता पडून गेल्या होत्या. अफसानाने ते भीतभीत सांगितलं.

"बराबर," पारुबाई समाधानाने म्हणाली. "आता आला."

पुन्हा बघायला अफसानाने व्हिडिओ मागे नेला, तर पडद्यावर मंगलाष्टकांआधीचे भटजी घड्याळ बघत उभे दिसले. नवरीचा पत्ता नव्हता. पारुबाई पुटपुटली, "पाऊण घंटा लोकांना ताटकळत ठेवलं या पोरीनं. लहानपणापासून असंच. कोणावर गेली काय माहीत."

अफसानाने तिच्याकडे बघितलं, मग पट्टीवर लांबलेल्या खुणांकडे बघितलं, आणि शहाण्यासारखा व्हिडिओ पुढे सरकवला.

पुढच्या आठवड्यात रुपा सासरहून, डोंगरकडा गावाहून माहेरी आली. व्हिडिओ बघायला अकराला येते म्हणाली होती, दोनला आली. पारुबाई अकरापासून स्टुडिओच्या बाकड्यावर बसून चरफडत होती.

व्हिडिओ सुरू झाला. देवला ढगातून निघाला, मान कलती ठेवून, सावकाश. कढईपाशी थांबला. रुपाला आधी हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत. अक्षता पडून गेल्यावर बाप मांडवात पोचला, तशी ती आईकडे वळली.

"आई, उशीर झाला की दरवेळी बोलायचीस, कोणावर गेली काय माहीत. तुला तर माहीत होतं."

पारुबाईने पदर सावरला. उगाच पंख्याकडे बघितलं. पण लेक काही नजर काढीना.

"होतं माहीत," ती शेवटी म्हणाली. "उशीर झाला की त्याच्यावर वरडायची सवय होती मला. तो गेला. मग कोणावर वरडू? तूच होतीस."

अफसानाने मान खाली घालून कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसली.

"चल आता," पारुबाई घाईने उठली. "साडेतीनची गाडी चुकंल."

रुपाने हात लांबवून स्वतःच व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा लावला.

"थांब जरा," ती म्हणाली. "बाप अजून कढईपाशीच हाय."