एक वर्ष पुरलं का?

"कॉफीचं यंत्र मी मोडलेलं नाही. मी निघालो तेव्हा ते चालू होतं, हे कृपया नोंदवून घ्यावं."

"एका बाईचा खटला माझ्या पहिल्या आठवड्यात दाखल झाला आणि शेवटच्या आठवड्यात ज्यूरी उठली. मधलं सगळं मी पाहिलं. त्याला वीस वर्षं झाली. वकिलीत असा अख्खा खटला मला पुन्हा बघायला मिळाला नाही."

"एक वर्ष पुरे. दुसऱ्या वर्षी तीच भांडणं, फक्त नावं बदललेली. माझ्या वर्षातला एकही निकाल वरच्या कोर्टाने फिरवला नाही, यातच सगळं आलं."

"दुसऱ्या वर्षी मला नवरा मिळाला. तो खाली नोंदणीच्या खिडकीत बसायचा. याला व्यावसायिक फायदा म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा."

"माझ्या बरोबरीची मुलं तोवर एक पायरी वर गेली होती. अजून वरच आहेत. पण अडलं की फोन मलाच करतात."

ही पत्रं हेल्मी कांगासच्या टेबलावर होती. एकूण अडतीस. न्यायाधीश रोएलॉफ्स, म्हणजे मागे सगळ्यांच्या जज्जबाई, यांनी आपल्या जुन्या लॉ क्लर्कना एका ओळीचा प्रश्न पाठवला होता: इथे तुम्हाला एक वर्ष पुरलं का?

लॉ क्लर्क म्हणजे कायद्याचं शिक्षण नुकतंच संपवलेला वकील. तो न्यायाधीशाच्या दालनात बसतो, फायली वाचतो, निकालाचा पहिला मसुदा लिहितो. खाली सही न्यायाधीशाची. क्लर्कचं नाव कुठेच नसतं. वर्षभराने तो निघतो, आणि ते एक वर्ष पुढे जन्मभर त्याच्या नावापुढे लागतं. या दालनात बहुतेक जण वर्षभरच राहिले होते, नऊजण दोन वर्षं. आता जज्जबाईंच्या मनात होतं की यापुढे सगळ्यांनाच दोन वर्षं ठेवावं. पण मग संधी निम्म्याच मुलांना मिळणार. त्यांना ठरवता येईना, म्हणून हा कौल. पत्रांचे दोन ढीग करायचं काम हेल्मीकडे आलं. पुरलं, नाही पुरलं.

एकोणचाळिसावं पत्र तिचंच होतं, न लिहिलेलं. तिचं वर्ष ऑगस्टमध्ये संपत होतं आणि जज्जबाईंनी तिलाही विचारलं होतं: राहतेस का? उत्तर शुक्रवारपर्यंत.

हेल्मीचं उत्तर, सोमवारचा मसुदा: "मला वाटतं की"

शिकागोच्या एका मोठ्या वकिली कंपनीने तिची जागा वर्षभर राखून ठेवली होती. सोमवारी तिथल्या भागीदार बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, एक वर्ष म्हणजे मानाचा तुरा. वरच्या कोर्टात दुसरं वर्ष काढलंस तर आणखी एक तुरा. पण त्याच कोर्टात, त्याच खुर्चीत दुसरं वर्ष, त्याला आम्ही थांबणं म्हणतो. जागा मग दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, राग मानू नकोस.

हेल्मीने राग मानला नाही. हिशेब बरोबर होता, त्यात चूक कुठे काढायची?

बुधवारी अकराच्या सुमाराला वेंडेल ट्रॉम्बलीने छापलेले सात कागद आणून जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि त्यांवर मिठाची बाटली ठेवली. वेंडेल इथला कायमचा क्लर्क, बावीस वर्षं झालेला. मिठाची बाटली दिसली की काय समजायचं ते समजायचं: वरच्या कोर्टाने आपला एक निकाल फिरवला आहे. या दालनात तसा नेमच होता. फिरवलेला निकाल जेवणाआधी मोठ्याने वाचायचा. ज्याने मूळ मसुदा लिहिला त्याने, उभं राहून. वाचून होईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही.

मात्र वरून निकाल यायला दीड-दोन वर्षं लागतात. तोवर लिहिणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून वाचायचा वेंडेल.

"आज कुणाचा?" हेल्मीने विचारलं.

"बस जरा."

"कुणाचा, वेंडेल?"

"लवकर आला गं. आठ महिन्यांत कधी येत नाहीत."

रँडल स्कूग हा तुरुंगातला माणूस. आपली शिक्षा बेकायदा आहे असा अर्ज त्याने हाताने लिहून केला होता. अर्जाला मुदत होती, आणि कोर्टाचा शिक्का मुदतीनंतर चार दिवसांनी पडलेला. आता, कैद्याला काही टपाल कचेरीत जाता येत नाही. म्हणून त्याचं पाकीट तुरुंगाच्या खिडकीत ज्या दिवशी पडलं तोच त्याचा दिवस धरायचा, असा नियम आहे. हेल्मीला तो पाठ होता. पण अर्जावर तारखेची जागा स्कूगने कोरी सोडलेली. तिने फाइल चाळली, पुरावा सापडला नाही, आणि मसुद्यात लिहिलं: पाकीट आधी दिल्याचा काहीही पुरावा नाही. रुजू होऊन तिसराच महिना होता. ते वाक्य तिला तेव्हा फार आवडलं होतं, ठाम वाटलं होतं.

जज्जबाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या. कागद घ्यायला वेंडेल उठू लागला.

"मी वाचते," हेल्मी म्हणाली.

"सही माझी आहे," जज्जबाई म्हणाल्या. "बाहेर कुणी विचारलं तर चूक माझी. इथे मात्र तू वाच."

तिने वाचलं. पहिल्या पानावर आवाज हलला, दुसऱ्यावर सरळ झाला. पाचव्या पानावर तिचं ते ठाम वाक्य अवतरणात आलं आणि पुढे वरच्या कोर्टाने इतकंच लिहिलं होतं: पुरावा फाइलमध्येच आहे, पाकिटाच्या मागच्या बाजूला, तुरुंगाच्या तारखेच्या शिक्क्यात. तेही तिने वाचलं, न थांबता, न पुटपुटता, जसं दुसऱ्या कुणाचं वाचलं असतं तसंच. प्रकरण पुन्हा ऐकावं, सुनावणी फेब्रुवारीत. संपलं.

"कितवं पान होतं?" जज्जबाईंनी विचारलं.

"एकशे बारा. उलटं स्कॅन झालेलं."

"तू कुठवर गेली होतीस?"

"एकशे नऊ. पुढची दोन कोरी होती. मला वाटलं संपलं."

जज्जबाईंनी मिठाची बाटली बाजूला सरकवली. "मीही एकशे नऊवरच थांबले होते," त्या म्हणाल्या आणि डबा उघडला.

वेंडेल अजून उभाच होता. "मी एकतीस वाचलेत," तो म्हणाला. "चार माझे, पंचवीस पळालेल्यांचे. दोन ज्याचे त्याने वाचावेत म्हणून हातात दिले, दोघंही दुसऱ्या वर्षाची होती, तर त्यांनी मलाच वाचायला लावले. माझे सोडले तर लिहिणाऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकतोय. आता मला बसून खाऊ द्या."

जेवण झाल्यावर त्याने पत्रांच्या ढिगातून एक वर काढलं. 'एकही निकाल फिरवला नाही'वालं.

"याचे तीन," वेंडेल म्हणाला.

"त्याला ठाऊक नाही?"

"तिन्ही वेळा कळवलं. तोवर साहेब मोठे झाले होते." त्याने पत्र नीट घडी करून परत ठेवलं, त्याच ढिगात. "लबाड नाहीये तो. खरंच तसं वाटतं त्याला."

हेल्मीचं उत्तर, बुधवारचा मसुदा: "एक वर्ष राहिलं की आपण चुकत नाही. म्हणजे चुकतो, पण" (खोडलं. फार हुशारीचं झालं.)

गुरुवारी ती आईकडे गेली. रित्वा कांगास काउंटीचं बर्फ हटवायचं यंत्र चालवते. जूनमध्ये बर्फ नाही, म्हणून ती गॅरेजमध्ये यंत्राखाली आडवी होती, फक्त बूट बाहेर. हेल्मी बुटांशीच बोलली. शिकागो सांगितलं, पाकीट सांगितलं, मिठाची बाटली सांगितली.

"माझं मत विचारू नकोस," यंत्राखालून आवाज आला. "तू राहिलीस तर रविवारी जेवायला येशील. माझं मत लाच खाऊन बसलंय."

"मी विचारलंच नाहीये."

"सगळ्यांसमोर वाचलंस?"

"दोघंच होते."

"उभी राहून?"

"हो."

रित्वा सरकत बाहेर आली. कपाळावर ग्रीस. मागच्या डिसेंबरात यंत्राच्या पात्याने तिने एकाची टपालपेटी उडवली होती. कुणी पाहिलं नव्हतं. तरी परत जाऊन तिने दार वाजवलं होतं. ही गोष्ट हेल्मीला माहीत होती, सगळ्या गॅरेजला माहीत होती, आणि रित्वाने आत्ता तिचं नावही काढलं नाही. तिने हात पुसले, पलीकडच्या ट्रकवर काम करणाऱ्या दोघांना हाक मारली आणि म्हणाली, "ही माझी मुलगी. हिचा निकाल काल वरच्या कोर्टाने फिरवला."

ज्या आवाजात लोक मुलीचं लग्न ठरल्याचं सांगतात, त्या आवाजात.

त्या दोघांनी हेल्मीचं अभिनंदन केलं. काय झालंय ते त्यांना नीट कळलं नव्हतं, पण आवाज कळला होता. आणि हेल्मीला, बुधवारपासून मनात जे होतं त्याचं नाव कळलं. ती शरम आहे असं ती कालपासून समजत होती. शरम त्यात होती, नाही असं नाही, पण थोडी. उरलेला सगळा अभिमान होता. एकतीस अधिक एक, त्यातला एक तिने स्वतः वाचला होता.

शिकागोचा हिशेब तरीही बरोबरच होता. शुक्रवारी सकाळी तिने भागीदार बाईंना फोन केला. त्या गोडच बोलल्या. दुपारपर्यंत ती जागा भरली गेली.

हेल्मीचं उत्तर, शुक्रवार, जसं दिलं तसं: "नाही पुरलं. फेब्रुवारीत स्कूगची सुनावणी आहे. फाइल मला ठाऊक आहे, एकशे बारा पानं. मी राहते."

जज्जबाईंनी ते वाचलं, मान डोलावली, आणि यापुढच्या क्लर्कबद्दल काय ठरवलं ते त्या दिवशी तरी सांगितलं नाही. वेंडेलने पत्र ढिगात ठेवलं, सगळ्यांत वर. मग बाटली उचलून सूपमध्ये मीठ घातलं. जरा जास्तच पडलं.

रँडल स्कूगने ते पाकीट तुरुंगाच्या खिडकीत दिलं तो मंगळवार होता, आणि मुदत संपायला अजून दोन दिवस होते.