फोरमनसाहेब राजकुमार होतात

“जोवर ह्या योगिनीच्या हातात ही तलवार आहे, तोवर राजकुमाराच्या केसालाही धक्का लागणार नाही!” अशी शंभूने गर्जना केली, तलवार आकाशाकडे उगारली, आणि पातं मुठीतून सुटून पहिल्या रांगेत राधाकाकींच्या पायाशी जाऊन पडलं.

राधाकाकींनी ते उचलून परत दिलं.

“घे. तलवार सांभाळूक जमणा नाय, माझो घोव काय सांभाळतलस?”

घोव म्हणजे केशवराव. तेच राजकुमार. राजकुमाराचं वय बारा, केशवरावांचं सत्तावन्न. केसाला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता, कारण केस नव्हते. मुकुट पांढऱ्या हेल्मेटवर चिकटवलेला होता. केशवराव इथे आखातात, मआमीरच्या वर्कशॉपमध्ये फोरमन, आणि हेल्मेटशिवाय ते कुणाला शिडीवरही चढू देत नाहीत. सनाबिसच्या हॉलमध्ये दशावतारासाठी रंगमंच म्हणून चार टेबलं जोडलेली, तर त्यांनी सकाळीच फर्मान काढलं होतं, “वर खिळे असतत. सेफ्टी शूज घातल्याशिवाय कोण चढूचा नाय.” म्हणून योगिनीच्या नऊवारीखाली लोखंडी टोकाचे बूट. राजकुमार मात्र अनवाणी. राजपुत्राला बूट शोभत नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

केशवरावांना बारा वर्षांचं का केलं, हे कुणी विचारत नाही. गँगच्या रजेवर त्यांची सही लागते. वर्कशॉपमध्ये शटडाऊनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्तीचं काम चाललेलं, त्यामुळे गावच्या जत्रेला एकच माणूस सुटणार होता. तो शंभू असणार, असं शंभूला वाटत होतं. त्याची पोरगी आठ महिन्यांची झाली, आणि तिला त्याने फक्त मोबाईलवर पाहिलेलं. जत्रेत बापाने तिला देवीच्या पायावर घालायचं, असा बायकोचा नवस. केशवरावही त्याच गावचे. ते म्हणाले होते, “नाटक नीट होऊंदे. मगे सही. इंशाल्ला.”

सगळी गोची त्या इंशाल्लात होती. शंभूने मनात खरीच शपथ घेतली, की आज ह्या म्हाताऱ्याला ओरखडाही उठू द्यायचा नाही.

आता दशावतारात संवाद कुणी लिहून देत नाही. गोष्ट पडद्यामागे सांगतात, बाकी ज्याने त्याने उभ्या उभ्या जुळवायचं. युद्धाचंही तसंच. मृदंग वाजतोय तोवर लढायचं, मृदंग थांबला की राक्षसाने मरायचं. राक्षस होता सुजीत वेल्डर. त्याची रजा केशवरावांनी मागच्याच आठवड्यात नामंजूर केली होती. मृदंगावर विठ्ठल होता. त्याची तर दोनदा.

राक्षस आला तोच आरोळी ठोकत. “हे राजकुमारा! तुझ्या राज्यात प्रजेला जत्रेला जायची मुभा नाही, असं ऐकतो!”

हॉलमध्ये सगळी प्रजाच बसलेली. शिट्ट्यांनी छप्पर हललं.

राजकुमाराने हेल्मेट सरळ केलं. “हे दुष्टा! प्रजा जत्रेला गेली तर शटडाऊन कोण करणार? रजा मफी! नाही म्हणजे नाही!”

“ऐकलंत?” राक्षस प्रेक्षकांना म्हणाला. “मग मी ह्याला मारला तर पाप लागेल काय?”

“नाऽऽय!”

शंभू मध्ये पडला. “थांब राक्षसा! राजकुमार न्यायी आहे! ज्याची पोर तान्ही, त्याला तो सोडणार आहे!”

“अजून विचार चालू आहे,” राजकुमार म्हणाला.

“चमचो मेलो!” मागून कुणीतरी योगिनीला ओरडलं.

विठ्ठलने मृदंगावर थाप मारली आणि युद्ध जुंपलं. सुजीतचा पहिला वार हेल्मेटवर पडला. ठण्ण. दुसराही तिथेच. शंभू आडवा येऊन वार झेलत होता, सुजीत त्याला चुकवून पुन्हा हेल्मेट गाठत होता. तिसऱ्या फेरीनंतर राक्षसाने मरायचं ठरलेलं. तिसरी फेरी झाली, पाचवी झाली, विठ्ठल काही थांबेना. डोळे मिटून, भजनात तल्लीन झाल्यासारखा बडवत सुटला होता.

“मेल्या, खलास कर!” शंभू दातांतल्या दातांत म्हणाला.

“माका काय सांगतस? मृदंग वाजता हा,” सुजीत म्हणाला आणि अजून एक ठेवून दिली.

“विठ्ठल, बस कर रे!”

विठ्ठलने लय वाढवली.

केशवरावांना आता दम लागला. मुकुट निखळून कानावर लोंबत होता. “शंभ्या, वाचव रे माका!” हे वाक्य कथेतलं नव्हतं. पण प्रेक्षकांना ते इतकं आवडलं, की त्यांनी ‘वन्समोर’ मागितला.

शंभूला पोरगी दिसली, देवी दिसली, सही दिसली. सुजीतने तलवार उचलली तशी त्याने डोळे मिटून राजकुमारापुढे झेप घेतली. वार त्याने बरोबर पाठीवर झेलला. पण तोवर नऊवारीचा काष्टा सुटून पायात आलेला. योगिनी अडखळली, आणि दोन्ही बुटांनिशी राजकुमाराच्या उजव्या पावलावर उतरली.

तेव्हा कुठे मृदंग थांबला. राक्षस नियमाप्रमाणे मेला.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला. पावलाची दोन हाडं मोडलेली. शंभू कॉटच्या पायथ्याशी, तोंडाला रंग तसाच, नऊवारी कशीबशी गुंडाळून उभा होता.

“काका, माझी रजा गेली मां?”

“गप. सगळे मारी होते, तू एकटोच आड इलंस,” केशवराव म्हणाले, आणि त्यांनी तिथेच पडल्या पडल्या सही केली. शंभू लहान पोरासारखा रडला. राधाकाकींनी त्याला पदर दिला, म्हणजे त्याचाच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रश्न आला, की केशवराव सिक लीव्हवर, तर फोरमनचं काम बघणार कोण? गँगमध्ये सगळ्यात सीनियर शंभू. एचआरने त्याची रजा कॅन्सल केली, फोरमनचं पांढरं हेल्मेट दिलं आणि अभिनंदन केलं.

प्लास्टर घालून इथे बसून करायचं काय, म्हणून केशवराव गावाला गेले. जत्रेत शंभूच्या पोरीला त्यांनीच देवीच्या पायावर घातलं. शंभूने ते वर्कशॉपमधून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पोरगी केशवरावांच्या प्लास्टरवर मुतली.