रत्नदीपचा चार्ज

रत्नदीप बॉयलरवरचा माणूस. रसायनीच्या एका कंपनीत त्याने चौदा वर्षं बॉयलर सांभाळला आणि त्या चौदा वर्षांत त्याचा हात कधी थरथरला नाही. मानेत गाठ निघाली, ती कॅन्सरची आहे म्हणून सांगितलं, तेव्हाही त्याने डॉक्टरांना एवढंच विचारलं, की सुट्टीचा अर्ज कधीपासून टाकू. सहा केमो त्याने ओव्हरटाइम करावा तशा उरकल्या. केस गेले, चव गेली, मिशी गेली. मिशीचं तेवढं त्याला वाईट वाटलं.

केमो संपल्या आणि मग मात्र हा गडी पार ढेपाळला.

शेवटचा स्कॅन मंगळवारी झाला. रिपोर्ट परस्पर मोठ्या डॉक्टरांकडे जाणार आणि त्यांची तारीख मिळाली दहा दिवसांनंतरची, शुक्रवारची. उपचार लागू पडले की नाही, ते त्या दिवशी कळणार. तोवर करायचं काय, तर काहीच नाही. आणि काहीच न करण्याची रत्नदीपला अजिबात सवय नव्हती. स्कॅनच्याच दिवशी, नवी मुंबईतल्या त्या हॉस्पिटलच्या हॉलमध्ये बसल्या बसल्या त्याची छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, आणि आपण आता इथेच मरणार अशी त्याची खात्री पटली. तो उठला तो थेट पार्किंगमध्ये पळाला. बायको मेघा शोधत गेली तेव्हा तो कुणाच्या तरी स्कूटरला घट्ट धरून उभा होता आणि स्कूटरचा मालक बिचारा लांबून बघत होता.

दुसऱ्या दिवशी घरी पुन्हा तेच झालं. चौक गावच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि पट्टी त्याच्यासमोर धरून सांगितलं, की हृदय ठणठणीत आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात. यात जीव जात नाही, जातोय असं वाटतं. श्वास सावकाश सोडायचा आणि थांबायचं. फारच वाढलं तर घ्यायला गोळी दिली आणि पुढच्या बुधवारी समुपदेशकाकडे जायला सांगितलं. रत्नदीपने मान डोलावली, घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आंघोळ नको, जेवण नको, कुणाशी बोलणं नको. रविवारी विहारातली वंदना त्याने कधी चुकवली नव्हती, तिलाही गेला नाही. आणि मेघाला स्पष्ट सांगून टाकलं, "शुक्रवारी तू एकटीच जा. मला त्या हॉलमधी पुन्हा बसवायचं नाय."

मेघाने वाद घातला नाही. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका, हट्टी पोरांशी वाद घालून उपयोग नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण बुधवारपासूनच घरात काहीतरी चाललं होतं. रत्नदीपचे वडील, दामूबाबा, हे एकच प्लास्टिकची खुर्ची चार दिवस दुरुस्त करत होते. प्लास्टिकच्या खुर्चीत दुरुस्त करण्यासारखं असतं काय, हे रत्नदीपला कळेना. शिवाय खुर्ची नेमकी त्याच्या खाटेसमोर. तीन वाजता मेघा अंगणवाडीतून यायची, की बाबा ताडकन उठून परसाकडे धावायचे, जणू सकाळपासून दाबून बसलेत. मग मेघा तिथेच बसून भाजी निवडायची. रविवारी कर्जतहून बहीण आली, दीप्ती. तीही खाटेसमोरून हलेना. तो मोरीत गेला तरी दाराबाहेर कुणीतरी उगाच खाकरायचं.

सोमवारी दुपारी उलगडा झाला. मेघा उंबऱ्यात चप्पल काढत होती आणि बाबा तिला हळू आवाजात म्हणाले, "चार्ज घे. सगळं नॉर्मल हाय."

रत्नदीप खाटेवर उठून बसला. हे शब्द त्याला झोपेतही कळले असते. बॉयलर एक क्षण एकटा सोडायचा नसतो. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि तो आला की त्याला सगळं सांगून, वहीत लिहून चार्ज द्यायचा. दामूबाबांनी बत्तीस वर्षं हेच केलं होतं. बापापाठी लेकानेही तेच केलं. आणि आता या लोकांनी त्यालाच बॉयलर करून टाकलं होतं.

"वही कुठं हाय?" त्याने विचारलं.

बाबांनी खुर्चीकडे पाहिलं, मेघाने बाबांकडे. वही टीव्हीखाली होती. शाळेची दोनशेपानी, बाबांच्या सवयीप्रमाणे पहिल्या ओळीत 'जयभीम' आणि खाली तारीखवार नोंदी. रत्नदीप ती घेऊन ओसरीवर गेला. चांगला भांडायच्या तयारीने गेला होता.

'८.१०. उठला. चहा अर्धा. ९.३०. भिंतीकडे तोंड. ११.०५. चढलं. ११.१९. उतरलं. १२.३०. सुकट केली. नाय खाल्ली. मी खाल्ली.' हे बाबांचं.

'५.४०. चढलं. ५.५२. उतरलं. नंतर माझ्याशी भांडले. बरं वाटलं.' ही मेघा.

'दिवसभर ठीक. दादा रिमोट देत नाही.' ही अर्थातच दीप्ती.

संताप आला होता खरा, पण रिमोटपाशी तो गळून पडला. रत्नदीपने पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि या वेळी बॉयलरवाल्याच्या नजरेने वाचलं. सहा दिवसांत सात वेळा चढलं होतं, म्हणजे सात झटके. सर्वांत मोठं, एकोणीस मिनिटं. त्याने शपथेवर सांगितलं असतं, की एकेक वेळी तास-दीड तास गेला. त्याने बोट ठेवून ठेवून पाहिलं. प्रत्येक 'चढलं'च्या पुढे 'उतरलं' होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते हेच होतं, पण बाईंचं बोलणं ते बोलणं आणि वहीतली नोंद ती नोंद. नोंद खोटी असू शकते हे त्याच्या घराण्याला मान्य नव्हतं.

मग शनिवारच्या पानावर तो थांबला. बाबांचं अक्षर जरा वाकडं आलं होतं.

'२.१५. रत्नदीप झोपलेला. माझं चढलं. २.४० उतरलं. मेघाला सांगू नये.'

त्याखाली, तीन वाजताच्या चार्जला, मेघाने लिहिलं होतं, 'वाचलं.'

रत्नदीपला आधी हसू आलं. मग त्याने मिनिटं मोजली. पंचवीस मिनिटं. त्याच्या सर्वांत मोठ्या झटक्यापेक्षा सहा मिनिटं जास्त, आणि म्हाताऱ्याने ती एकट्याने काढली होती, समोर झोपलेल्या लेकाला जाग येऊ नये म्हणून. आणि हा तिकडे भिंतीकडे तोंड करून. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि बापाची इतकी माया आली, की काही वेळ त्याला वहीतलं दिसेना.

तो आत गेला. बाबा खुर्चीशी चाळा करत होते.

"बाबा, शनवारी काय झालं व्हतं?"

"काय नाय. सुकट बाधली."

"सुकट पंचवीस मिनटं बाधत नाय."

बाबांनी खुर्चीचा पाय उगाच दाबून पाहिला. मग खुर्चीकडे बघतच म्हणाले, "तुझी आई गेली तवा मी ड्यूटीवर व्हतो रं. आता परत..." रत्नदीपने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बापासमोर मांडलं आणि बसला. "आता तुमचा चार्ज माझ्याकडं," तो म्हणाला.

तिथून पुढचे चार दिवस त्या घरात कोण कुणावर नजर ठेवतंय हे सांगणं कठीण होतं. बापलेक सकाळ-संध्याकाळ नाक्यापर्यंत चालत जायचे, एक चहा दोघांत घ्यायचे. मंगळवारी रस्त्यातच रत्नदीपला चढलं, तेव्हा तो एका कुंपणाला टेकला आणि म्हणाला, की थांबा, वाढतंय अजून, आता टोकाला आलं, आता उतरतंय. बाबा घड्याळ बघत होते. अकरा मिनिटं. मग दोघे पुढे गेले. बुधवारी तो समुपदेशकाकडे जाऊन आला आणि येताना बाबांसाठी पण वेळ घेऊन आला, त्यावर बाबा दोन तास बोलले नाहीत. सगळं झकास झालं असं काही नाही. गुरुवारी सकाळ अख्खी त्याने पांघरुणात काढली. पण दुपारी सुकट खाल्ली, आणि संध्याकाळी मेघाला म्हणाला, उद्या मी येतो.

"मी बी येतो," बाबा म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी त्याच हॉलमध्ये तीच गर्दी होती. सव्वीस नंबर. बाविसावा आत गेला आणि रत्नदीपच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. तो श्वास मोजू लागला, एवढ्यात शेजारी बाबांनी त्याचं मनगट पकडलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. "रत्ना, दरवाजा कुठं हाय?" ते म्हणाले.

"दरवाजा राहू द्या. सोडा श्वास. सावकाश. वाढतंय ना? वाढू द्या. टोकाला येऊन उतरंल."

तो बापाची पाठ चोळत राहिला, बोलत राहिला. चोवीस गेला. पंचवीस गेला. नर्सने सव्वीस म्हणून पुकारलं, पुन्हा पुकारलं. रत्नदीपने मागच्या माणसाला हात केला. "भाऊ, तुमी जावा आधी. आमचं जरा उतरू द्या."

मेघाने कपाळाला हात लावला. दहा दिवस या नंबरासाठी घर जागेवर नव्हतं आणि याने तो लोकाला देऊन टाकला. पण रत्नदीपचा चेहरा पाहिला आणि तिने हात खाली घेतला. त्याच्या बोटांच्या मुंग्या कधी गेल्या, ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाबांचं उतरल्यावर त्यांना पाण्याची बाटली देऊन नवरा-बायको आत गेले. डॉक्टर पडद्यावरची चित्रं बघत होते. गाठ गेली आहे, ते म्हणाले. कुठेच काही दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, पण आज घरी जा आणि मिशी वाढवा. मेघाने त्यांना तीन वेळा पुन्हा सांगायला लावलं, आणि त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं.

बाहेर येऊन रत्नदीप बापासमोर वाकला. "बाबा, गेली. सगळी गेली."

बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेले दामूबाबा खुर्चीवरून घसरून फरशीवर बसले आणि असे हमसून रडायला लागले, की अख्खा हॉल गप्प झाला. नर्स पाणी घेऊन धावली. कुणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, एका अनोळखी बाईने पदर डोळ्यांना लावत रत्नदीपला सांगितलं, की धीर सोडू नका, दुसरी औषधं निघालीत आता. रिपोर्ट चांगला आहे हो, चांगला आहे, असं मेघा प्रत्येकाला सांगत होती आणि स्वतःही रडत असल्यामुळे तिच्यावर कुणीही विश्वास ठेवत नव्हतं.

रत्नदीप बापाशेजारी फरशीवर मांडी घालून बसला. त्यांना गप्प करायला तो गेला नाही. त्याला कुठेही पळायचं नव्हतं.