मनी आणि रेडिओ

मनी त्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग होती आणि तोंडाला कुलूप होतं. सोडायला आलेल्या ऑफिसातल्या ताईंनीच काय ते बोलून घेतलं. मुलगी शांत आहे, पंधरावं संपत आलंय, अभ्यासात बरी आहे, खाण्यापिण्याचे नखरे नाहीत. ज्या मुलांना स्वतःच्या घरी ठेवता येत नाही त्यांना दुसऱ्या कुणाच्या घरी सांभाळायला द्यायचं, हे या ताईंचं काम. मनीला त्या तिसऱ्यांदा पोचवत होत्या. पहिल्या घरच्यांना स्वतःचं बाळ झालं आणि त्याच्यासाठी हिची खोली लागली. दुसऱ्या घरच्यांची बदली झाली. 'मनी' हे नाव त्या दुसऱ्या घरातलं. तिथली धाकटी पोरं म्हणायची, ही मांजरासारखी चालते, मागे येऊन कधी उभी राहते कळतच नाही. घर सुटलं, नाव तेवढं बरोबर आलं.

ही तिसरी जागा म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. लाँड्री चालवणारी बाई एकटीच होती. वाफेत आणि साबणात काम करून तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले.

"मला मावशी म्हण," ती म्हणाली. "आई म्हणायची सक्ती नाही. आणि मॅडम म्हणालीस तर मी गिऱ्हाईक समजून पावती फाडीन."

ताई हसल्या. मनी हसली नाही. मावशीनं तिला खोली दाखवली. कपाट रिकामं करून पुसलेलं होतं, आणि पलंगावरची चादर इतकी कडक इस्त्रीची की त्यावर बसायचा धीर होऊ नये. मनी उभीच राहिली. तेवढ्यात खाली लावून ठेवलेलं यंत्र पाणी घ्यायला लागलं, आणि तिच्या उशाच्या भिंतीतून पाणी धो धो वाहायला लागलं.

मनीनं बॅगेचा पट्टा घट्ट धरला. ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या, मावशी उशी सारखी करत होती. दोघींनाही काही कळलं नाही.

त्याचं असं होतं. मनीच्या स्वतःच्या घरी वडील चिडले की आई तिच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणायची, "जा, नळ सोड." मोरीतला नळ पूर्ण सोडला की खालच्या बादलीत पाणी असं आपटायचं की शेजारी आवाज जायचा नाही. शेजारच्यांना कळू नये, घराची शोभा होऊ नये, म्हणून. आई मार खाताना ओरडायची नाही, पण भांडी पडायची, खुर्ची पडायची. मनीचं काम नळ सोडायचं. किती लहानपणापासून ती हे करत होती ते तिलाही आठवत नव्हतं. घर शांत झालं की आई स्वतः येऊन नळ बंद करायची आणि तिच्या केसांवरून हात फिरवायची. तो हात मनीला हवासा वाटायचा, आणि त्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची.

शेवटच्या वेळी आई नळ बंद करायला आलीच नाही. मनी मोरीत वाट बघत बसून राहिली. बादली भरून वाहिली, पाणी दाराखालून बाहेर गेलं. खालच्या मजल्यावरचे लोक गळतीची तक्रार घेऊन वर आले तेव्हा आई जमिनीवर पडलेली सापडली, मांडीचं हाड मोडलेलं. दवाखान्यात आईनं सांगितलं, ओल्या फरशीवरून घसरले. मनीनं डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलली नव्हती. बरी होऊन ती वडिलांकडे परत गेली. ऑफिसातल्या भेटीच्या दिवशी मनी नीट केस विंचरून बसायची, आणि आई यायची नाही.

हे सगळं ऑफिसातल्या कागदांत होतं, फक्त नळाचं तेवढं नव्हतं. ते मनीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या मते गुन्हा तोच होता. आपण नळ सोडला नसता तर कुणीतरी धावत आलं असतं.

आणि आता तिचं राहणं अशा घरात, जिथं दिवसभर पाणीच वाहत होतं.

ती शाळा सुटली की घरी जायची नाही. वाचनालय बंद होईपर्यंत तिथं बसायची, मग बसथांब्याच्या बाकावर, एकामागून एक बस सोडत. खालची यंत्रं बंद झाली असतील असा अंदाज घेऊन ती जिना चढायची. मावशी ताट झाकून बसलेली असायची.

"उशीर?"

"अभ्यास होता."

"हं."

मावशीला वाटायचं, पोरीला आपण आवडलो नाही. ती तसं बोलून दाखवत नव्हती, पण एकदा ताईंचा फोन आला तेव्हा मनीनं जिन्यातून ऐकलं. "नाही हो, त्रास काहीच नाही. त्रास दिला असता तर बरं वाटलं असतं. घरात आहे का नाही तेच कळत नाही."

शाळेतही तसंच. वर्गातल्या मुली वाईट नव्हत्या, पण त्यांच्या मैत्र्या पहिलीपासूनच्या होत्या, त्यात शिरायला फट नव्हती. मनी डबा खिडकीशी खायची. पटावरचं तिचं नाव घेतलं की काही जणी मागे वळून बघायच्या, ही कोण म्हणून.

मग प्रयोगशाळेच्या बाईंनी जोड्या लावल्या आणि मनीच्या वाट्याला रेडिओ आली.

हे नाव साऱ्या शाळेनं ठेवलेलं होतं, कारण ती पोरगी बोलायला लागली की बंद करायचं बटण सापडत नसे. काचेची नळी धुता धुता तिनं मनीला सांगितलं की तिची आई दवाखान्यात नर्स आहे आणि पाळ्या उलटसुलट असतात, की वडील जहाजावर आहेत आणि फोनवर फक्त हवामान सांगतात, की तिच्या डाव्या पायाचं बोट उजव्यापेक्षा मोठं आहे, आणि पाल तिला आवडते.

"तू बोलत का नाहीस?" तिनं मध्येच विचारलं.

"तू थांबत नाहीस," मनी म्हणाली.

रेडिओ एवढी हसली की बाईंनी दोघींना बाहेर काढलं. वर्गाबाहेर काढलं जाण्याची मनीची ही पहिलीच वेळ. भिंतीला टेकून उभं असताना तिला जाणवलं, की आपणही हसतोय.

त्यानंतर रेडिओ तिला चिकटलीच. वाचनालयात, बसथांब्यावर, सगळीकडे. इतर मुली रेडिओला टाळायच्या. कान किटतात म्हणायच्या. तिला ते माहीत होतं. "घरी गेलं की बोलायला कुणी नसतं," ती एकदा बसथांब्यावर म्हणाली. "म्हणून शाळेत उरकून घेते." आणि लगेच समोरून जाणाऱ्या कुत्र्याच्या शेपटीबद्दल बोलायला लागली.

एके दिवशी थंडी फार होती. रेडिओ म्हणाली, "तुझ्याकडे जाऊ या. लाँड्री म्हणजे ऊब असणार. मला बघायचीय." मनीनं खूप टाळलं. पण रेडिओला टाळणं म्हणजे भिंतीशी भांडणं.

दोघींना दिवसाउजेडी दारात बघून मावशीच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. "या की," ती म्हणाली, आणि घाईघाईनं एका खुर्चीवरचे कपडे उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले, मग ते तिथूनही उचलले. यंत्रं चालू होती. मनी दारातच थबकली. पण रेडिओच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. या चादरी कुठल्या हॉटेलातल्या, डाग कसला, वाफ कुठून येते. मावशी उत्तरं देत होती, एरवीपेक्षा मोठ्या आवाजात. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, म्हणून मावशीनं एक टोक मनीच्या हातात दिलं, दुसरं रेडिओच्या. दोघी लांब जायच्या, जवळ यायच्या, टोकाला टोक लावायच्या. बऱ्याच वेळानं मनीच्या लक्षात आलं की पाणी मघाशीच एकदा भरून वाहून गेलंय आणि आपल्याला ऐकूच आलं नाही.

मग तो परिपाठच झाला. शाळा सुटली की लाँड्री, चादरी, आणि रेडिओची बातमीपत्रं. मावशी दोन जास्तीचे कप काढून ठेवायला लागली.

अशाच एका संध्याकाळी मावशी हॉटेलात माल पोचवायला गेली होती. दोघी घड्या घालत होत्या. अचानक वीज गेली. यंत्रं थांबली, रेडिओही थबकली, आणि भिंतीतल्या पाइपमधून उरलेलं पाणी सावकाश खाली उतरत गेलं. मनीच्या हातातलं टोक सुटलं.

"काय गं?"

अर्धवट अंधारात मनीनं सांगून टाकलं. तिला क्रम लावता येत नव्हता. आधी बादली, मग हाड, मग आईचं न येणं. रेडिओ चादर छातीशी धरून उभी होती. शेवटी ती म्हणाली,

"म्हणजे नळ तू सोडायचीस?"

हेच तर मनी इतकी वर्षं स्वतःला विचारत होती, आणि आता तोच प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला होता. तिनं शांतपणे चादर टोपलीत टाकली. "तू घरी जा," ती म्हणाली.

"अगं, मी—"

"जा."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेच्या बाईंना सांगून जोडी बदलून घेतली. रेडिओनं चिठ्ठ्या टाकल्या, मनीनं वाचल्या नाहीत. डब्याच्या वेळी ती पुन्हा खिडकीशी. आधीही ती एकटीच होती, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटत नसे, पाय बधिर झाल्यासारखं. आता तेच दुखत होतं. बसथांब्यावर शेजारी जागा रिकामी असायची आणि ती रिकामी आहे हे कळायचं. रेडिओ वर्गात गप्प बसायला लागली. बाकीच्या मुलींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मावशीनं एक कप परत फळीवर ठेवला. काही विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "एकटीला चादरी आवरत नाहीत गं मला." तिनं वर्षानुवर्षं एकटीनंच आवरल्या होत्या, हे मनीलाही माहीत होतं.

शेवटी रेडिओनंच तिला शाळेच्या जिन्यात गाठलं. दोन्ही हात कठड्याला लावून वाट अडवली.

"मी बोलणार आणि तू ऐकणार. नंतर खुशाल बोलू नकोस," ती म्हणाली. "नळापर्यंत तुझा हात पोचायचा का?"

"काय?"

"पहिल्यांदा सोडलास तेव्हा. हात पोचायचा?"

मनीला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला आठवावं लागलं. "बादली उलटी घालायचे," ती म्हणाली. "तिच्यावर चढायचे. सोडला की उतरायचं आणि बादली सुलटी करून खाली सरकवायची."

"बादलीवर चढायला लागायचं, एवढीशी होतीस तू!" रेडिओच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मी त्या दिवशी तेच विचारत होते. तू सोडायचीस? तू? त्या घरात दोन मोठी माणसं होती ना? मला दुसरं काही सुचलं नाही. मला नेहमी काहीतरी सुचतं, आणि त्या दिवशी नाही सुचलं."

वरून मुलांचा लोंढा उतरत आला. दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मनी रडली नाही. ती फक्त तिथंच पायरीवर बसली. रेडिओ शेजारी बसली. तास बुडाला.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसातल्या ताईंचा फोन आला. आई भेटायला यायचं म्हणते आहे. रेडिओ म्हणाली, "मी बाहेर बसेन. आत काय झालं ते विचारणार नाही. शप्पथ."

आई खरंच आली. काठीचा आधार घेत, थोडी लंगडत. तिनं मनीसाठी स्वेटर आणला होता, आणि तो घालून बघताना बाह्या कोपराच्या जरा खालीच संपल्या.

"केवढी वाढलीस," आई म्हणाली. ताई खोलीच्या कोपऱ्यात कागद चाळत होत्या. आईनं आवाज खाली आणला, अगदी ओळखीचा, दबका. "तू सांग त्यांना, की मी घाबरून काहीतरी बोलून गेले. एवढंच सांग. मग घरी येता येईल तुला."

"मी खरं सांगितलं होतं, आई."

"मला माहीत नाही का ते?" आई म्हणाली. "माझंच हाड आहे."

मनी तिच्याकडे बघत राहिली. आईला तिच्याशिवाय करमत नव्हतं, हे दिसत होतं. आणि ती पुन्हा मनीलाच पुढे करत होती, हेही.

"मी तसं नाही सांगणार," मनी म्हणाली. "पण तू येत जा. नुसती भेटायला ये."

आईनं काठी घेतली. दारापाशी तिनं मनीच्या केसांवरून हात फिरवायला उचलला, आणि ताई बघताहेत म्हणून की कशानं, तसाच खाली घेतला. येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही.

बाहेर रेडिओ पहारेकऱ्याला गुडघेदुखीवर उपाय सांगत होती. मनीचा चेहरा बघून तिनं वाक्य अर्ध्यात सोडलं. दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. रेडिओनं शब्द पाळला. आपला थांबा आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "येऊ का तुझ्याकडे?"

"आज नको."

"बरं. उद्या." आणि ती उतरली.

पुढचा रस्ता मनी एकटीच खिडकीशी बसून होती. स्वेटर तिनं काढला नव्हता. आता आपल्याला परत जायला घर नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. कुणी कितीही शेजारी बसलं तरी एवढं तिचं तिलाच उचलायचं होतं.

लाँड्रीत मावशी शेवटचे शर्ट उरकत होती. तिनं आखूड बाह्यांकडे पाहिलं.

"मावशी," मनी म्हणाली, "आई आली होती."

मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. मळक्या कपड्यांची एक टोपली पालथी करून ती तिच्यावर बसली आणि समोरची खुर्ची मनीकडे सरकवली. मनी बसली. सुरुवात कुठून करावी ते तिला उमगेना. तेवढ्यात दारावर कुणीतरी पावती नाचवत टकटक केलं.

"उद्या या!" मावशी मान न वळवता ओरडली. मग मनीला म्हणाली, "सावकाश सांग. मला काही घाई नाही."