दाढेतलं भोक

दमयंतीच्या खालच्या दाढेतलं भोक तिच्या जिभेला पुरतं पाठ झालं होतं. शिमग्यात ते तिळाएवढं होतं. आता त्यात हरभऱ्याची डाळ अडकायची. लवंग दाबायची, डावीकडून चावायचं आणि विचारलं की "बघू" म्हणायचं, असे महिने गेले.

घरात यावरून दोन तट होते. बोटीवर नोकरीला असलेल्या गंगारामाने, तिच्या नवऱ्याने, बसऱ्याहून येताना सोन्याची गिनी आणली होती. ती दाढेत ठोकून बसवायची, असा त्याचा हट्ट. सासू यमुनाबाई म्हणत, "जित्या माणसाच्या तोंडात सोनं? ते शेवटी घालतात, तुळशीपत्राबरोबर. दाढच काढून टाका!"

शेवटी तिघंही बाजारातल्या माडीवर, दाताच्या डॉक्टरांकडे आली.

डॉक्टरांनी गिनी पाहून परत दिली. "यात तांबं आहे. दाढेला शुद्ध सोन्याचा वर्ख लागतो. थरावर थर ठेवून बारीक हातोडीने ठोकायचा. तास तरी जाईल."

"तासभर ठोकणार? दाढ आहे की नारळ?" यमुनाबाई म्हणाल्या.

"मग ते पांढरं भरा," गंगाराम हिरमुसून म्हणाला.

"पांढरं सिमेंट दातासारखं दिसतं, पण आंबटाने झिजतं. जेवणात आंबट असतं का?"

"सोलांची कढी रोज," यमुनाबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग फार टिकायचं नाही. राहिली चांदी. तिचा चुरा पाऱ्यात घोटून भरतो. आज मऊ, उद्या घट्ट. मात्र काळी पडते."

"म्हणजे सुनेचं तोंड काळं करायचं!"

"आये, दाढ आहे ती. आत कोण बघतंय?"

"म्हणून तर म्हणते, काढा!"

"अजून कीड आतल्या नसेपर्यंत गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "गेली की काढण्यावाचून इलाज नाही. बाई, तुमचं काय म्हणणं?"

दमयंतीने सासूकडे पाहिलं. यमुनाबाईंच्या दाढा एकेक करून अशाच काढलेल्या. रोज दुपारी त्यांची भाकरी कढीत भिजवून मऊ करायची ती दमयंतीनेच. भाकरीचा पापुद्रा कुरकुरीत असला की त्या तो काढून तिच्या ताटात टाकत, आणि ती खाईपर्यंत बघत राहत.

तिने तोंडातली लवंग काढून पदराच्या टोकात बांधली.

"चांदी भरा," ती म्हणाली. "आजच."