पेटीवर एक टाच

साल होतं १९७३. घड्याळं तेव्हा किल्लीची असत. सेलवर चालणारं एखादं दुकानात आलंच, तर घड्याळजी ते मेलेल्या पालीसारखं दोन बोटांत धरून गिऱ्हाइकाला परत करायचा. "याला नाडी नाही," म्हणायचा. "मी डॉक्टर, पण जिवंतांचा."

त्या मे महिन्यातल्या एका शनिवारी घड्याळजी आणि त्याची धाकटी लेक सकाळी सातलाच तळ्यावर हजर झाले. तळं म्हणजे जुन्या वीटभट्टीची खाण. माती काढून काढून पडलेला खड्डा पाण्याने भरला, मग गावातल्या हौशी मंडळींनी वर्गणी काढून त्यात कार्प माशांची पिल्लं सोडली. पिल्लांचे दांडगे मासे झाले. मासा पकडायचा, तोलायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा, असा तिथला नियम. लेकीची थोरली बहीण म्हणायची, म्हणजे लग्नाला जायचं आणि न जेवता परत यायचं. वर्षातून एकदा पैज लागे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. ज्याच्या माशांचं वजन जास्त, त्याला पितळेचा पेला. पेला मुठीत मावेल एवढा, पण त्यावरून माणसं वर्षवर्ष एकमेकांशी बोलत नसत.

बसायच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरत. घड्याळजीला अकरा नंबर आला आणि बाराला बेकरीवाला. दोघांची दुकानं शेजारी, आणि वैर तीस वर्षांचं.

"काय घड्याळजी, आठ वाजले की वाजायचेत?" बेकरीवाल्याने बसल्या जागेवरून हाक दिली. "तुमच्या दुकानात प्रत्येक भिंतीवर वेगळे वाजतात, म्हणून विचारलं."

"खरे सांगू, की तुझ्या पावासारखे फुगवून सांगू?"

"फुगवूनच सांगा. खरं काही तुमच्याकडून ऐकलं नाही अजून."

लेक हसली नाही. एरवी हसायची. आज तिचं लक्ष गळाच्या डबीकडे होतं. त्या डबीत, आकड्यांच्या पुड्यांखाली, तिने एक पाकीट दडवलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी तिला शहरातून पत्र आलं होतं. सरकारी नकाशे काढणाऱ्या कचेरीत जागा होती, तिने पाठवलेले नमुने पसंत पडले होते आणि येत्या सोमवारच्या टपालापर्यंत उत्तर हवं होतं. तिने ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरव," आणि उठून भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली द्यायला लागले. तिने ठरवलं. काल दुपारी तिने दोन ओळी लिहिल्या: येता येत नाही, क्षमा असावी. पाकिटाला तिकीट लावलं. तळ्याच्या फाटकाशी टपालपेटी होती, सकाळी तिच्या पुढूनच दोघं आत आले. पण हात काही पेटीकडे गेला नाही. आता चार वाजता पेटी उघडणार होती, त्याच्या आत जाऊन यायला हवं होतं.

नाही म्हणायचं कारण बाबांच्या डोळ्यांत होतं. आयुष्यभर भिंगातून पाहून पाहून ते डोळे विझत आले होते. दुकानात मनगटी घड्याळांचं बारीक काम वर्षभर तीच करत होती, आणि इथे तळ्यावर ती टाच मारत होती.

त्याची गोष्ट अशी. घड्याळजीची काठी चांगली लांब होती, सात तुकडे एकात एक बसवून केलेली. तिला चाक नाही की गुंडाळी नाही. टोकाला बांधलेली दोरी, दोरीवर पाण्यात उभी तरंगणारी एक नाजूक काडी आणि खाली गळ. काडी बुडाली की त्याच क्षणी काठी उचलायची, मग मागचे तुकडे एकेक काढत मासा जवळ आणायचा. ते तुकडे काढायला लेक बाबांच्या मागे बसायची. दीड वर्षापूर्वी एकदा काडी बुडाली आणि बाबांना दिसली नाही. तिचा पाय चुकून त्यांच्या बसायच्या लाकडी पेटीला लागला. बाबांनी काठी उचलली, मासा लागला. तेव्हापासून काडी बुडाली की ती टाच मारायची आणि ते काठी उचलायचे. यावर बापलेक कधी एक शब्द बोलले नव्हते. बोललं असतं तर ते खरं झालं असतं.

पण आज टाच तिच्या ताब्यात नव्हती. कधी ती घड्याळ बघत राहायची आणि काडी बुडून वर यायची. कधी वाऱ्याची लहर काडीवरून जायची आणि ती उगाच टाच मारायची, की बाबांचा गळ रिकामा वर. ती उठली, चारा मळला, बसली, पुन्हा उठली. कणीक नखांत गेली. दोन वाजेपर्यंत जाळ्यात जेमतेम तीन मासे. बाराला बेकरीवाल्याचे सात झाले होते आणि तो प्रत्येक मासा नवरदेवासारखा मिरवत होता.

तिसऱ्यांदा गळ रिकामा आला तेव्हा बाबा पुढेच बघत हळू आवाजात म्हणाले, "आज टाच कुठे आहे तुझी?"

तो शब्द बापलेकीत पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. जणू बाबांच्या हातातून काचेचं काही सुटलं होतं. मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी डबी ओढली. "आकडा बोथट झाला असेल. बदलतो."

"मी देते ना, बाबा."

पण त्यांची बोटं आत गेली होती. ती बोटं घड्याळजीची. केसाएवढी स्प्रिंग त्यांना न बघता कळायची. बोटं पाकिटावर थांबली, कडेने फिरली, डिंकाने मिटलेल्या तोंडावरून गेली आणि कोपऱ्यातल्या तिकिटावर टेकली.

"टाकायचं राहिलंय वाटतं," बाबा म्हणाले.

"हो."

"कचेरीला?"

"हो."

बाबांनी पाकीट तिच्या हातात दिलं, तिची बोटं वरून मिटवली. "मग भितेस कशाला? जा, टाकून ये. होकार असा डबीत वाळत घालायचा नसतो."

होकार! बाबांना तो होकार वाटला होता. "बाबा, मी गेले तर मासे..."

"मासे कुठे जातायत? तळ्यातच आहेत."

ती निघाली. फाटक समोरच्या काठावर, म्हणजे अर्ध्या तळ्याला वळसा. पावलं भरभर पडत होती आणि मन मागे ओढत होतं. पाकीट टाकावं, की परत जाऊन सांगावं, बाबा, यात नकार आहे? सांगितलं तर ते विचारणार, का? आणि त्या का-चं उत्तर त्यांच्या तोंडावर कसं द्यायचं?

फाटकवाला खोपटाबाहेर तराजू पुसत बसला होता. पाचला वजनं व्हायची होती. तिने पाकीट पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं.

"आता!"

आवाज पाण्यावरून आला. पाण्यावरून आवाज सरळ येतो, मध्ये अडायला काही नसतं. बेकरीवाल्याला वाटत होतं की आपण कुजबुजतोय, पण भट्टीसमोर ओरडून ओरडून ज्याचा गळा तयार झाला त्याची कुजबुज ती. लेकीने मान वळवली. पलीकडे अकरा नंबरला बाबांची काठी वर गेली होती, वाकली होती.

"हां, सावकाश. मागचा तुकडा काढा. बाहेर ओढू नका हो, तो काय पावाचा पत्रा आहे? हां. जाळं उजव्या हाताला आहे."

मासा जाळ्यात गेला. थोड्या वेळाने पुन्हा, "थांबा... थांबा... वारा आहे तो... आता!"

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"नेहमीचंच," फाटकवाला म्हणाला. "तुम्ही मागच्या थंडीत तापाने पडला होतात ना, तेव्हा चार शनिवार बेकरीवाल्यानेच त्यांना काडी सांगितली. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणजे तुम्हालाही माहीत आहे? बाबांचे डोळे..."

"ताई, तुमची टाच पंधरा नंबरपर्यंत ऐकू येते. आता तर माशांनाही कळत असेल."

"पण पैज आहे आज! बेकरीवाल्या काकांचे स्वतःचे मासे?"

फाटकवाल्याने हनुवटीने पलीकडे दाखवलं. बारा नंबरची काडी केव्हाच बुडाली होती. बेकरीवाल्याची मान अकराकडे होती.

तिने पाकीट फटीतून ओढून काढलं. तोंड फाडलं, आतला कागद चुरगळून मुठीत धरला. "पेन आहे? आणि कागद?"

कागद नव्हता, वजनं लिहायच्या चिठ्ठ्या होत्या. तिने एक उलटी केली आणि तराजूच्या पाटावर लिहिलं: जागा मान्य. चार जूनला हजर होते. फाटलेलं पाकीट बंद कसं करायचं? नखांत कणीक होती. चाऱ्याच्या त्याच कणकेने तिने पाकीट चिकटवलं. टपालवाला सायकल टेकवतच होता. त्याने पाकीट नाकाशी नेलं, तिच्याकडे बघितलं आणि पोत्यात टाकलं.

ती परत आली तेव्हा बाबांच्या काठीला सगळ्यात मोठा मासा होता. काठी कमानीसारखी वाकलेली. तुकडे काढता काढता एक अडला, मासा बोरूच्या बेटात घुसला आणि दोरी फट्‌दिशी तुटली.

"उजवीकडे म्हटलं होतं!" बेकरीवाला उठून ओरडला.

"डावीकडे म्हणालास!"

"माझी उजवी!"

मग दोघांना ती दिसली. बेकरीवाला खाली बसून बुटाचा बंद बांधायला लागला. त्याच्या बुटांना बंद नव्हते.

"टाकलंस?" बाबांनी विचारलं.

"टाकलं."

"वेळेत?"

"वेळेत, बाबा."

ती मागे बसली. पाच वाजायला पाऊण तास होता. काडी थरथरली, बुडाली. सवयीने पाय उचलला गेला, तो तिने तसाच हवेत धरला, दुसराही धरला. एक क्षण गेला, दुसरा गेला. मग शेजारून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि बाबांनी काठी उचलली.

पेला तीन नंबरच्या शिंप्याला गेला. तो दिवसभर कुणाशी बोलला नव्हता आणि बक्षीस घेतानाही बोलला नाही.

घड्याळजीने मनगटी घड्याळं घेणं त्याच वर्षी बंद केलं. भिंतीवरची मोठी तेवढी ठेवली, आणि ती तो कानाने आणि बोटांनी आणखी नऊ वर्षं दुरुस्त करत होता. होकाराचं पाकीट आपण डबीत पकडलं, ही गोष्ट तो येईल त्याला सांगे. बेकरीवाला रोज सकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी, मधे मधे मनची बातमी घुसडून. घड्याळजी गेल्यावर पुढच्या मे महिन्यात बेकरीवाल्याला पेला मिळाला. तो त्याने फाटकवाल्याला चहा प्यायला देऊन टाकला आणि पुन्हा तळ्यावर गेला नाही. फाटकवाला मुलाकडे राहायला गेला, त्याचं पुढे कळलं नाही. थोरली बहीण अजून म्हणते, बाबांना सोडून गेलीस, आणि लगेच विचारते, जेवलीस का.

लेकीने एकतीस वर्षं नकाशे काढले. एका वर्षी त्याच भागाचा तक्ता तिच्या टेबलावर आला. तळं बुजवून तिथे गोदामं झाली होती, आणि वरून आलेल्या मापांप्रमाणे तिने ती गोदामंच काढली. नकाराचा तो चुरगळलेला कागद तिने बाबांना कधी दाखवला नाही. तो तिच्याकडे आहे, आकड्यांच्या त्याच डबीत. आकड्यांचा गंज लागून त्याच्या घड्या आता उलगडत नाहीत.