आप्पांच्या नावाचा माणूस

घड्याळं दुरुस्त करणारे आप्पा लेकीकडे जायला निघाले, की विमानतळावरूनच परत यायचे. सरकारनं विमानप्रवासाची बंदी घातलेल्यांच्या यादीत त्यांच्याच नावाचा कुणीतरी होता. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी!’ म्हणत आप्पा त्या माणसाला शिव्यांची लाखोली वाहायचे.

या खेपेला मात्र काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, “काका, आता तुम्हाला अडचण नाही. तो गेला.”

आप्पांचा पारा चढला. “गेला? मला ताटकळत ठेवून त्याला जाऊ दिलंत? कुठल्या विमानानं?”

“तसं नाही हो, काका. वारला तो.”

आप्पा पासपोर्टवरचं स्वतःचंच नाव पुन्हा पुन्हा वाचू लागले. शेवटी बायकोनं कोपरानं ढोसलं, “चला आता, मागे रांग खोळंबलीय.”

विमानात तिनं त्यांना मुद्दाम खिडकीशी बसवलं. जमीन सुटली, घरं काडेपेट्यांएवढी झाली. मग खिडकीकडे तोंड करून त्यांनी स्वतःच्याच नावानं हळूच हाक मारली आणि म्हणाले, “बघ रे, निघालो एकदाचे आपण.”